वडिलांनी दिलेलं आणि वडिलांकडून राहून गेलेलं



आजच्या मननासाठी अनुवादाचा ६ वा अध्याय, वचनं ६ आणि ७. कृपया आपापल्या पवित्र शास्त्रात उघडून शांतपणे वाचा, मग पुढे या.

देवाच्या आज्ञा आधी आईवडिलांच्या स्वतःच्या हृदयात असाव्यात आणि मग त्यांनी त्या मुलांच्या मनावर बिंबवाव्यात, असं तिथे सांगितलं आहे. हे वचन मी संडेस्कूलमध्ये कित्येकदा शिकवलं. पण शिकवण कुठे आणि केव्हा द्यायची याची जी यादी मोशेने दिली आहे, तिच्याकडे माझं नीट लक्ष या आठवड्यात गेलं. घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. या यादीत फळा नाही, बाक नाही, परीक्षा नाही. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून ते जरा टोचलं.

टोचण्याचं कारण घरचंच आहे. आमच्या धाकट्या मुलीची बारावी झाली. मार्क चांगले पडले. आमच्या घरात आजोबांपासून सगळे शिक्षक, त्यामुळे पुढचं ठरल्यासारखंच होतं. पण तिने फॉर्म आणला तो आयटीआयचा. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचं आहे. मी तो फॉर्म हातातही घेतला नाही. म्हणालो, एवढं शिकून शेवटी पक्कड आणि टेस्टर घेऊन लोकांच्या दारात उभी राहणार का? ती काही बोलली नाही. ताटावरून उठून गेली. त्यानंतर चार दिवस घरात मोजकंच बोलणं चालू होतं.

अशा मनःस्थितीत मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर मुलीला दाखवायलाच घेतलं होतं, की बघ, विद्येने बाई कुठच्या कुठे जाते. पण वाचता वाचता पुस्तकाचं तोंड माझ्याकडेच वळलं. म्हणून आज रमाबाईंचं आणि त्यांच्या वडिलांचं थोडं सांगतो. बऱ्याच जणांना यातलं पुष्कळ माहीत असेल, तरी पुन्हा ऐका.

रमाबाईंच्या वडिलांचं नाव अनंतशास्त्री डोंगरे. मूळचे कर्नाटक किनाऱ्याकडचे, कारकळजवळच्या गावचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी संस्कृत शिकायला ते पुण्यात आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे राहिले. शेवटच्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला शिकवायला हे गुरुजी वाड्यावर जात. कधीकधी शिष्यही बरोबर असे. तिथे एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्री थक्क झाले. आपल्या बायकोलाही असंच शिकवायचं, असं त्यांनी तिथेच मनात धरलं. ते दिवस कसे होते ते आठवा. बाईच्या हातात पोथी म्हणजे घरावर संकट, असं मानणारा तो काळ. घरी गेल्यावर विरोध झाला आणि पहिल्या बायकोला शिकवणं काही जमलं नाही.

तिच्या मृत्यूनंतर त्यांचं दुसरं लग्न झालं ते लक्ष्मीबाईंशी. नवरा चव्वेचाळीस वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या माणसाने या लहान मुलीला शिकवायला सुरुवात केली आणि या वेळी कोणाचंही ऐकलं नाही. तक्रारी झाल्या. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे उभं राहून जाब द्यावा लागला. तिथे त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखवले, की बायकांनी संस्कृत आणि पुराणं शिकायला हरकत नाही. पुढे ते बायकोला घेऊन गंगामूळच्या रानात, सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊन राहिले. आसपास वस्ती नाही, रात्री वाघाची भीती. तिथे शिष्य जमू लागले, पाठशाळा चालू झाली. याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

पण आल्यागेल्याचं करता करता आणि शिष्यांना जेवू घालता घालता शास्त्रीबुवांवर कर्ज झालं. घरदार सोडून सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं तेव्हा रमा जेमतेम सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून, गड्याच्या डोक्यावरून तिचा प्रवास सुरू झाला. त्यानंतर घर असं तिला कितीतरी वर्षं मिळालंच नाही.

आता अनुवादातली ती यादी परत आठवा. वाटेने चालताना, झोपताना, उठताना. या कुटुंबाचं सगळं आयुष्यच वाटेवर होतं. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं, देवळात नाहीतर घाटावर बसून पुराण वाचायचं. ऐकणारे भक्तिभावाने जे धान्य, फळं, पैसे ठेवतील त्यावर चालवायचं. भीक मागायची नाही, हा शास्त्रीबुवांचा कडक नियम. रमा आठ वर्षांची झाली तोवर वडील थकले होते. म्हणून तिला शिकवलं आईने. वडिलांनी आईला दिलं, आईने लेकीला दिलं. दिवसभर कामातून सवड नसे, म्हणून पहाटे पाखरं बोलायला लागली की आई लेकीला गोंजारून उठवायची. आईने म्हणायचं आणि लेकीने पाठोपाठ म्हणायचं. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला तोंडपाठ झाले. मराठी घरची बोली होतीच. ज्या मुलखातून गेली तिथल्या भाषाही ती उचलत गेली.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शास्त्रीबुवांनी थोरल्या मुलीचं, कृष्णाबाईचं लग्न रूढीप्रमाणे लहानपणीच करून दिलं होतं. ते काही सुखाचं झालं नाही. आपलं चुकलं, हे त्या पंडिताने ओळखलं आणि धाकटीचं लग्न लहानपणी केलंच नाही. लोक काय वाटेल ते बोलले असतील. प्रियांनो, बाप चुकतो हे काही नवीन नाही. पण एका लेकराच्या बाबतीत झालेली चूक दुसऱ्याच्या वेळी न करणारा बाप विरळा. शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेपेक्षा मला त्यांची ही गोष्ट मोठी वाटते.

आता चरित्राच्या त्या भागाकडे येतो, जिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब दक्षिणेतच होतं. आई, वडील, भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णा आणि रमा. जवळ जे होतं ते पुण्य लागावं म्हणून दानदक्षिणेत गेलं होतं. मग दागिने विकले, चांगली वस्त्रं विकली, पितळेची आणि तांब्याची भांडीही विकली. सगळे विद्वान. पाचांपैकी कोणालाही सभेत बसवलं असतं तर श्लोकांची बरसात केली असती. पण हातांनी करायचं, ज्याचे चार पैसे मिळतील असं एकही काम त्यांच्यापैकी कोणाला येत नव्हतं. अंगमेहनतीचं काम करणं म्हणजे ब्राह्मण्याला कमीपणा, अशी समजूत. मागायचं तर नाहीच. मग देवाच्या दारात बसून चमत्काराची वाट बघणं एवढंच उरलं. शेवटी तिरुपतीकडच्या रानात शिरले ते मरण्यासाठीच. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले.

म्हातारे शास्त्रीबुवा, नजर अधू झालेली, अंगात त्राण नाही. त्यांनी ठरवलं की पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यावी, म्हणजे मुलांवरचं एक ओझं तरी कमी होईल. त्यांनी एकेकाला जवळ बोलावून निरोप घ्यायला सुरुवात केली. रमा सगळ्यांत धाकटी, म्हणून तिची पाळी शेवटी आली. त्यांनी तिला कवेत घेतलं, डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. आपण तिच्यावर किती माया केली हे विसरू नकोस असं सांगितलं. नीतीची वाट कधी सोडू नकोस, मानाने राहा आणि जन्मभर देवाची सेवा कर. तू सगळ्यांत लहान, माझी फार लाडकी, म्हणून तुला मी देवाच्याच हाती सोपवलं आहे, तू त्याचीच आहेस, असं काहीसं ते बोलले. हे शब्द रमाबाईंनी पुढे म्हातारपणापर्यंत जपले.

पण त्या वेळी पुढे काय घडलं बघा. मुलगा श्रीनिवास मध्ये पडला. मी आता जातीचा अभिमान सोडतो, म्हणाला, पडेल ते हमालीचं काम करीन आणि तुम्हाला जगवीन, पण जीव देऊ नका. शास्त्रीबुवांनी तो विचार सोडला आणि सगळे रानातून बाहेर पडले. पण उशीर झाला होता. वडील तापाने गेले. मरणापूर्वी संन्यास घेतल्यामुळे त्यांना पुरलं. थोड्या दिवसांनी रायचूरला आई गेली. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमा एका दारात उभी राहिली, तर लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोघं मिळाली, तिसरा भाऊ आणि चौथी स्वतः रमा. उंचीने कमी पडत होती म्हणून तिरडीचा भार तिने डोक्यावर घेतला. काही काळाने बहीणही गेली.

उरली दोन भावंडं. त्यांनी हिंदुस्थान पायी पालथा घातला. हजारो मैल. थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून झोपले. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी तिचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. म्हणजे बापाने जे दिलं होतं त्याचं सोनं झालं. पण ते बघायला बाप नव्हता.

तिथे आणखी एक प्रसंग घडला. केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत वाचायला दिली. ती बिचकली, कारण वडिलांनी सगळं शिकवलं तरी वेद बायकांनी वाचू नयेत हेच मानलं होतं. एवढा रूढीला छेद देणारा बाप, पण त्याच्याही मनात एक कुंपण शिल्लक होतंच. लेकीने ते ओलांडलं. वडिलांनी एक पाऊल पुढे टाकलं म्हणून लेकीला दुसरं टाकता आलं, असं मी म्हणेन.

पुढचं थोडक्यात सांगतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी तिने जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्हं मूल. पण ती घरात कोंडून बसली नाही. पुण्याला आली, आर्य महिला समाज सुरू केला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे बायकांसाठी शिक्षिका हव्यात आणि बाई डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि तिथे २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे मी नेहमी थांबतो. वडिलांनी तिला ज्या देवाच्या हाती सोपवलं होतं, त्याला ते विष्णू म्हणून ओळखत होते. लेकीने प्रभू येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं. मग तिने बापाचे शब्द टाकले का? नाही. तू देवाची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर, हे वाक्य तिने आयुष्याच्या पायाशीच ठेवलं. वडिलांचं नावही कधी हलकं होऊ दिलं नाही. आपण विश्वासात आलेल्यांनी हे शिकायला हवं. आपल्या आधीच्या पिढीला नावं ठेवून आपला विश्वास मोठा होत नाही.

अमेरिकेत फिरून, व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून तिने मदत गोळा केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बालविधवांना घर आणि शिक्षण. टीका झाली, पुष्कळांनी आपल्या मुली काढून नेल्या. ती खचली नाही.

आणि मग १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, मध्य प्रांतात. बातम्या वाचून रमाबाईंच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. ते रान, तो पाला, वडिलांचा कापरा हात. त्या स्वतः निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्याच्या कडेने, हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बायका गोळा करून आणल्या. एक नाही, दोन नाही, शेकडो. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं. तेच मुक्तिसदन. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारावर गेली.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. या मुलींना रमाबाईंनी काय शिकवलं?

लिहायला-वाचायला शिकवलं, हो. प्रार्थना शिकवली, हो. पण त्याबरोबर शेती शिकवली, विहिरीवरचं काम शिकवलं. मागावर कापड विणायला, शिवायला, घाण्यावर तेल काढायला, दूधदुभतं सांभाळायला, शेकडो माणसांचा स्वयंपाक करायला शिकवलं. छापखाना घातला आणि खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळं मुलींच्या हाती दिलं. संस्कृत पंडिता म्हणून जिची देशभर कीर्ती, तिने आपल्या मुलींच्या हातांना तेल, शाई आणि माती लागू दिली. मुद्दाम लागू दिली.

का? मला वाटतं, रानातले ते अकरा दिवस त्या कधीच विसरल्या नाहीत. वडिलांनी त्यांना विद्या दिली, नीती दिली, देवाची ओढ दिली. पण भाकरी मिळवणारे हात द्यायचे राहून गेले. ते कमी प्रेमामुळे राहिलं नाही. त्यांच्या मनात विद्या उंच आणि काम खाली, असं बसलेलं होतं म्हणून राहिलं. रमाबाईंनी वडिलांवर राग धरला नाही. त्यांनी दिलेलं सगळं पुढे दिलं आणि राहून गेलेलं स्वतः भरून काढलं, तेही परक्या शेकडो लेकरांसाठी. वडिलांचा मान राखायचा हा मार्ग मला या चरित्रात दिसला.

आणि हे दोन्ही धागे शेवटी एकत्र कसे आले पाहा. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. अडाणी बाईलाही कळेल अशी भाषा हवी, हा हट्ट. त्यासाठी मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. म्हणजे वडिलांची विद्या. आणि ते छापलं कोणी? मुक्तिसदनाच्या मुलींनी, आपल्या हातांनी. आजोबांनी पेरलेलं आणि आजोबांना न सुचलेलं, दोन्ही त्या कागदावर एकमेकांना भेटली.

मनोरमेलाही त्यांनी नुसतं लाडात वाढवलं नाही. ती परदेशात शिकून आली आणि आईच्या कामाला जुंपून घेतलं. शाळा चालवली, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतच ती देवाघरी गेली. आईने तेही दुःख सोसलं आणि भाषांतराचं काम संपवत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निजल्या. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं ते त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये.

प्रियांनो, आता मी माझ्याकडे येतो.

माझे बाबा फार चांगले शिक्षक होते. प्रार्थना, वेळेवर उठणं, उधारी न ठेवणं, हे सगळं मी त्यांच्याकडून घेतलं. पण घरातला फ्यूज उडाला की आम्ही अंधारात बसायचो आणि शेजारच्या काकांची वाट बघायचो. आमच्याकडे त्याचं हसू व्हायचं, आणि त्या हसण्यात थोडा तोराही असायचा, की हे आपलं काम नव्हे. तो तोरा बाबांकडून माझ्याकडे न शिकवताच आला. मोशेची यादी इथे उलटीही लागू पडते. घरात बसलेले असताना, वाटेने चालताना आपण मुलांना काय शिकवतो? जे शिकवायचं ठरवतो तेच नाही, जे आपल्यात आहे ते सगळंच त्यांच्यात उतरतं. म्हणून तर त्या वचनात आधी तुझ्या हृदयात असू दे असं आहे आणि मुलांचा उल्लेख नंतर आहे.

धाकटी बारा वर्षांची असताना नाताळच्या आदल्या रात्री चर्चचा ॲम्प्लिफायर बंद पडला होता. सगळे धावपळ करत होते. हिने मागे जाऊन पाहिलं, सुटलेली वायर शोधली आणि जोडली. पाळकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. तेव्हा मला अभिमान वाटला होता. मग आता लाज कशाची वाटत होती? आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला आणि स्वतः सुतारकाम केलं. पौल एवढा शास्त्र शिकलेला, पण तंबू शिवून पोट भरत होता. हे मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो.

काल रात्री मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. रमाबाईंसारखं माझ्याही तोंडून शब्द फुटेना, फक्त कारण वेगळं होतं. शेवटी म्हणालो, तो फॉर्म आण. तिने विचारलं, कशाला? म्हणालो, सही करायला. तिने फॉर्म आणला आणि पेनही आणलं. मग म्हणाली, पप्पा, संध्याकाळी बायबल वाचायचं मी सोडणार नाही, काळजी करू नका. मी काय सांगणार होतो ते तिने आधीच ओळखलं होतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरले. सोमवारी आम्ही दोघं फॉर्म भरायला जाणार आहोत. बसने जाऊ, आणि स्टँडपासून पुढे चालत. वाटेत काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. या वेळी जरा ऐकणार आहे.

आज आपल्या मुलाबाळांकडे पाहताना दोन प्रश्न स्वतःला विचारू या. मला माझ्या वडिलांनी काय दिलं, जे मी पुढे द्यायला हवं? आणि त्यांच्याकडून काय राहून गेलं, जे त्यांना दोष न देता मी भरून काढायला हवं? वडील हयात असतील तर आज त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. नसतील तर त्यांचं नाव घेऊन देवाचे आभार माना.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, आमच्या आईवडिलांच्या हातून तू आम्हाला जे दिलंस त्याबद्दल तुझे आभार. त्यांच्या उणिवांबद्दल आम्ही मनात राग धरला असेल तर तो काढून टाक. आमच्या मनातला खोटा मोठेपणा आमच्या लेकरांच्या आड येऊ देऊ नकोस. त्यांच्या बुद्धीला आणि त्यांच्या हातांना तू आशीर्वाद दे. ती आमची होण्याआधी तुझी आहेत, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.